आयल ऑफ मॅनवर नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी: बेट, माणसं, सरकार आणि सुरुवातीची कामं

आयल ऑफ मॅनवर नोकरी मिळाली की बहुतेक जण घरी "यूकेला चाललोय" असंच सांगतात, आणि पुढे जितके गोंधळ होतात ना ते सगळे याच एका वाक्यातून निघतात. हे बेट यूकेत नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, नॉर्दर्न आयर्लंड यांपैकी कशातच नाही, आणि युरोपियन युनियनचं सदस्यही कधी नव्हतं. इथली पार्लमेंट वेगळी, टॅक्स वेगळा, व्हिसाचे नियम वेगळे, नोटा वेगळ्या, पोस्टाचे स्टॅम्प वेगळे. त्यामुळे यूकेत राहणाऱ्या मित्राचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. भारतातून येणारे डॉक्टर, नर्स, आयटीवाले, केअर होममध्ये काम करणारे सगळेच सुरुवातीला तेच तेच प्रश्न विचारत असतात म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतोय.

पायरी १ : आधी नकाशा नीट बघा

आयरिश समुद्राच्या मधोमध, ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडच्या मध्ये हे बेट आहे. लांबी साधारण ५२ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त २२, क्षेत्रफळ ५७२ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा जरा कमीच. आणि एवढ्या जागेत लोक किती, तर २०२१ च्या जनगणनेत ८४,०६९. मुंबईतून थेट येणाऱ्याला पहिले काही दिवस ही शांतता अंगावर येते, पण सवय होते आणि मग नंतर मँचेस्टरची गर्दीसुद्धा नको वाटायला लागते.

मधोमध डोंगर आहेत, त्यातला सगळ्यात उंच स्नेफेल, ६२१ मीटर. हवा स्वच्छ असेल तर वरून इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स सगळं दिसतं. चालत जायचं नसेल तर लॅक्सी गावाहून वरपर्यंत इलेक्ट्रिक ट्रेन जाते, १८९५ पासून चालू आहे, पण फक्त सीझनमध्ये, हिवाळ्यात बंद. डोंगररांगेला मधूनच छेद देणारी एक सखल पट्टी आहे, पूर्वेला डग्लस आणि पश्चिमेला पील, ही दोन गावं त्या पट्टीने जोडलेली. उत्तरेकडचा भाग एकदम सपाट, शेतीचा, टोकाला पॉइंट ऑफ एअरचा गोट्यांचा किनारा. दक्षिणेला कडे, छोटे बंदर, आणि टोकाशी काफ ऑफ मॅन नावाचं अजून एक छोटं बेट. तिथे समोरच्या किनाऱ्यावर बसलं की सील दिसतात, त्यासाठी तिकीटबिकीट काही लागत नाही.

हवामान: फार थंडी नाही, फार उन्हाळाही नाही, सखल भागात बर्फ क्वचित. त्रास थंडीचा नाहीच, वाऱ्याचा आहे. छत्री आणू नका, पहिल्याच आठवड्यात उलटी होऊन मोडेल, चांगलं वॉटरप्रूफ जॅकेट आणा. डिसेंबरमध्ये संध्याकाळी चारला अंधार होतो आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा लहान मुलं असतील तर जाड पडदे पहिल्या खरेदीतच घ्या.

पायरी २ : बेट नक्की कोणाचं आहे ते समजून घ्या

हे फक्त जनरल नॉलेज म्हणून सांगत नाहीये, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

बेटावर केल्टिक लोक होते, मग व्हायकिंग आले, आणि मॅन आणि आजूबाजूच्या बेटांचं मिळून एक नॉर्स राज्य झालं. १२६६ मध्ये नॉर्वेने तहात ते स्कॉटलंडला दिलं, मग इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये ओढाताण झाली, १४०५ मध्ये इंग्लंडच्या राजाने स्टॅन्ली घराण्याला दिलं. पुढे वारशाने ते ॲथोलच्या ड्यूककडे गेलं, आणि १७६५ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याच्याकडून बेटाचे राजहक्क ७०,००० पौंडांना विकत घेतले, कारण इथून चहा, दारू, तंबाखूची जी स्मगलिंग चालायची त्याने लंडनच्या तिजोरीचं नुकसान होत होतं. पण विकत घेऊनही बेट ब्रिटनमध्ये विलीन केलं नाही, राजाच्या ताब्यातला वेगळा प्रदेश म्हणूनच राहिलं. म्हणून आज ब्रिटनचा राजा इथे 'लॉर्ड ऑफ मॅन' आहे आणि त्याचा प्रतिनिधी म्हणून लेफ्टनंट गव्हर्नर डग्लसला लागूनच्या ऑनकन गावात राहतो.

आजची वाटणी अशी. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार लंडनकडे, त्याचे पैसे बेट देतं. बाकी जवळजवळ सगळं, म्हणजे टॅक्स, शिक्षण, आरोग्य, पोलीस, कोर्टं, रस्ते, जमीन, हे बेटाचं स्वतःचं. यूकेसोबत कस्टम्सचा करार असल्यामुळे व्हॅट तिथल्यासारखाच लागतो. लंडनच्या पार्लमेंटमध्ये इथला खासदार नाही, इथले लोक त्या निवडणुकीत मत देत नाहीत.

पायरी ३ : व्हिसा आणि कामाची परवानगी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

ही पायरी घाईत वाचू नका.

एक, व्हिसा. बेटाचे इमिग्रेशनचे नियम बेटाचे स्वतःचे आहेत, यूकेच्या नियमांसारखे दिसतात पण तेच नाहीत. यूकेच्या कंपनीने स्पॉन्सर केलेला व्हिसा हातात आहे म्हणून इथे येऊन नोकरी सुरू करता येईल असं धरून चालू नका, आणि इथल्या व्हिसावर लिव्हरपूलला नोकरी धरता येईल असंही नाही. अर्ज भरताना ठिकाण म्हणून आयल ऑफ मॅनच निवडलंय ना ते दोनदा तपासा. आपल्याकडच्या एजंटांना बऱ्याचदा हा फरकच माहीत नसतो, ते सरळ यूकेचा फॉर्म भरून मोकळे होतात. एजंट काहीही म्हणो, सरकारच्या साइटवरचे नियम स्वतः वाचा.

दोन, वर्क परमिट. हा कायदा फक्त परदेशी लोकांसाठी नाही, इंग्लंडमधून येणाऱ्या ब्रिटिश माणसालाही लागतो. इथल्या नोकऱ्या आधी इथल्या लोकांना मिळाव्यात हा त्यामागचा हेतू. ५ वर्षं सलग राहिलात की तुम्ही 'आयल ऑफ मॅन वर्कर' होता आणि मग परमिट लागत नाही. काही पेशांना सूट आहे. तुम्हाला परमिट लागतंय की नाही हे एम्प्लॉयरकडून ईमेलवर लेखी घ्या, तोंडी "होऊन जाईल" यावर विमानाचं तिकीट काढू नका. नवरा किंवा बायको पण नोकरी करणार असेल तर त्यांचं स्टेटस वेगळं विचारा, नोकरी बदलली तर परत विचारा.

तीन, फिरणं. यूके, आयर्लंड, मॅन आणि चॅनल आयलंड्स मिळून कॉमन ट्रॅव्हल एरिया आहे, आत रोजची पासपोर्ट तपासणी नसते. पण त्याचा अर्थ भारतीय पासपोर्टवर कुठेही जाता येतं असा नाही. डब्लिन इथून अगदी जवळ आहे म्हणून वीकेंडला विमानात बसायचा मोह होतो, पण आयर्लंडचा व्हिसा आपल्याला वेगळा लागतो, आणि तपासलं नाही म्हणजे परवानगी होती असं होत नाही.

पायरी ४ : यायचं कसं

भारतातून थेट विमान नाही. लंडन, मँचेस्टर वगैरे ठिकाणी उतरायचं, इमिग्रेशन तिथेच होतं, आणि तिथला ऑफिसर "मॅनला कशाला?" विचारेल तेव्हा ऑफर लेटर आणि राहण्याचा पत्ता हँडबॅगेत पाहिजे, चेक-इन बॅगेत नाही. तिथून छोटं विमान रोनाल्ड्सवे विमानतळावर येतं, ते बेटाच्या दक्षिणेला कॅसलटाउनजवळ आहे.

दुसरा मार्ग फेरीचा. आयल ऑफ मॅन स्टीम पॅकेट कंपनी १८३० पासून बोटी चालवते, २०१८ मध्ये सरकारनेच ती विकत घेतली. वर्षभराचा मुख्य मार्ग म्हणजे हेशम (इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर) ते डग्लस, पावणेचार तासांच्या आसपास लागतात. उन्हाळ्याच्या दिवसांत लिव्हरपूलहून फास्ट बोट असते. सामान जास्त असेल, गाडी आणायची असेल तर फेरीच बरी.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. वारा वाढला की बोट रद्द, धुकं आलं की विमान रद्द. इथले लोक धुक्याला मॅनानानची चादर म्हणतात, मॅनानान म्हणजे समुद्राचा देव, शत्रूपासून बेट लपवायला तो चादर पांघरतो अशी जुनी कथा. कथा गोड आहे पण तुमचं मुंबईचं विमान चुकलं तर कोणी भरपाई देणार नाही, म्हणून भारतात जाताना मँचेस्टर किंवा लंडनला एक दिवस आधी पोचायचं आणि एक रात्र तिथे काढायची, हिवाळ्यात तर नक्कीच. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर हा नियम मोडूच नका.

पायरी ५ : घर कुठे बघायचं

डग्लस ही राजधानी आणि २०२२ पासून अधिकृत शहर. ऑफिसं, बँका, सरकार, फेरीचं बंदर सगळं इथे, आणि लोकसंख्येचा मोठा भाग इथे आणि लागूनच्या ऑनकनमध्ये. गाडी नसेल तर सुरुवातीला इथेच राहा.

पील पश्चिमेला, जुन्या गल्ल्या, किल्ला, मासेमारीचं बंदर, आणि लाकडाच्या धुरात धुरावलेला हेरिंग मासा ज्याला किपर म्हणतात तो इथलाच. मला विचाराल तर बेटावरचा सूर्यास्त पीलचाच. रॅम्झी उत्तरेला, डग्लसहून डोंगररस्त्याने जवळ पण तो रस्ता हिवाळ्यात किंवा कामासाठी बंद झाला की लांबून यावं लागतं. कॅसलटाउन ही जुनी राजधानी, मध्यभागी कॅसल रशन, मध्ययुगातला अजून धड उभा असलेला किल्ला, विमानतळ जवळ. पोर्ट एरिन आणि पोर्ट सेंट मेरी दक्षिणेला, मुलांना समुद्रकिनारा हवा असेल तर सुंदर.

भाड्याची घरं कमी आहेत, हे आधीच सांगतो. नर्सिंगच्या किंवा डॉक्टरच्या नोकरीवर येत असाल तर सुरुवातीची राहण्याची सोय एम्प्लॉयर करतोय का ते विचारून घ्या. भाडं ठरवताना 'रेट्स' भाड्यात धरलेत का तेही विचारा, हा इथला घरावरचा कर, काही घरांत भाडेकरूला वेगळा भरावा लागतो. कचरा कोणत्या दिवशी नेतात हे तुमची स्थानिक संस्था ठरवते, डग्लसला सिटी कौन्सिल आणि बाकी गावांना आपापले कमिशनर्स, त्यामुळे शेजारच्या गावातल्या मित्राचा वार तुमचा नसतो. पुढेमागे घर विकत घेणार असाल तर स्टॅम्प ड्युटी नाही, ही मोठी बचत.

पायरी ६ : पहिल्या पंधरा दिवसांतली कामं

टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जाणारा सरकारी विम्याचा हप्ता). आल्या आल्या इन्कम टॅक्स डिव्हिजनकडे नाव नोंदवा, नाहीतर पगारातून जास्त टॅक्स कापला जातो आणि परत मिळायला वेळ लागतो. सुरुवातीचा दर १० टक्के, वरचा २० च्या आसपास, तो बजेटमध्ये थोडा वरखाली होत असतो. कॅपिटल गेन्स टॅक्स आणि वारसा कर नाहीत. वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल.

आता आपल्या लोकांसाठी खास गोष्ट. भारत आणि यूकेमध्ये जो डबल टॅक्सेशनचा करार आहे तो इथे लागू होत नाही. भारत आणि मॅनमध्ये २०११ मध्ये करार झालाय पण तो टॅक्सची माहिती एकमेकांना देण्याचा. म्हणजे पुण्याच्या फ्लॅटचं भाडं, एफडीचं व्याज, शेअर्स असं काही असेल तर निघायच्या आधी सीएशी बसून बोला, आणि त्याला "यूके" नका सांगू, "आयल ऑफ मॅन" सांगा, नाहीतर तो चुकीच्या कराराचं पान उघडेल. आणि कुठलीही माहिती लपवू नका, ती देवाणघेवाण खरंच होते.

बँक. पत्त्याचा पुरावा आणि एम्प्लॉयरचं पत्र लागतं, वेळ लागतो, तोवर भारतातलं कार्ड चालू ठेवा. ठेवींना यूकेच्या योजनेचं नाही तर बेटाच्या स्वतःच्या योजनेचं संरक्षण असतं, एका माणसाला एका बँकेत ५०,००० पौंडांपर्यंत.

नोटा. मॅनचं सरकार स्वतःच्या नोटा काढतं, किंमत ब्रिटिश पौंडाएवढीच, आणि १ पौंडाची नोट इथे अजून आहे, इंग्लंडमध्ये कधीच गेली. इंग्लंडच्या नोटा इथे चालतात पण मॅनच्या नोटा इंग्लंडमधल्या दुकानात सहसा घेत नाहीत. बेटाबाहेर जाताना खिशातल्या खर्च करून टाका किंवा बँकेत बदलून घ्या.

मोबाईल. यूकेच्या काही कंपन्या मॅनला परदेश धरतात, रोमिंगचं बिल लागू शकतं. विमानतळावर घेतलेलं यूकेचं सिम इथे वापरायच्या आधी प्लॅन वाचा, आणि इथेच राहायचं तर मॅन्क्स टेलिकॉम किंवा श्युअरचं घ्या.

डॉक्टर. सरकारी आरोग्यसेवा मॅन्क्स केअर चालवतं, २०२१ पासून. जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, लगेच नाव नोंदवा, आजारी पडायची वाट बघू नका. मोठं हॉस्पिटल एकच, ब्रॅडनमधलं नोबल्स. काही खास उपचारांसाठी पेशंटला समुद्रापलीकडे, बहुतेक वेळा लिव्हरपूलच्या बाजूला पाठवतात. यूकेच्या एनएचएसपेक्षा ही वेगळी व्यवस्था आहे, तिथे आधी नोंद केली असेल तरी इथे नव्याने करायची.

ऑनलाइन खरेदी. पोस्टकोड आयएमने सुरू होतो. काही दुकानं इथे पाठवतच नाहीत, काही जास्त पैसे घेतात, "फ्री यूके डिलिव्हरी" मध्ये आपण नसतो. भारतीय सामान थोडंफार मिळतं, पण गोडा मसाला, कोकम, ज्वारीचं पीठ यांचा भरवसा धरू नका, येताना आणा.

भारतीय पासपोर्टची कामं बेटावर होत नाहीत, ब्रिटनला जावं लागतं किंवा तिथे पाठवावं लागतं. संपायच्या शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका, वर फेरीचं सांगितलंच आहे.

पायरी ७ : गाडी, बस आणि टीटी

सरकारी बससेवा बस व्हॅनिन, डग्लसहून सगळीकडे जाते, गो कार्ड काढलं की स्वस्त पडतं. पण रात्रीची ड्युटी असेल तर गाडी लागतेच.

गावाबाहेरच्या बऱ्याच रस्त्यांवर वेगमर्यादाच नाही, हे ऐकून तरुण मुलं खूश होतात, त्यांना मनापासून सांगतो की रस्ते अरुंद, वळणाचे, मध्येच मेंढ्या, मध्येच ट्रॅक्टर, आणि बेफाम चालवलं तर पोलीस केस करतातच. इथे लायसन्सची परीक्षा पास झालात तर पहिलं वर्ष गाडीवर लाल 'आर' ची पाटी लावायची आणि ताशी ५० मैलांच्या वर जायचं नाही. पार्किंगला बऱ्याच ठिकाणी पैसे नसतात पण डिस्क लागते, पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची तबकडी, आलात ती वेळ लावून काचेमागे ठेवायची. ती विसरलात की दंड.

मे अखेर ते जून सुरुवात टीटी. जगातली नावाजलेली मोटरसायकल रेस, १९०७ पासून, आणि १९११ पासून डोंगरातल्या मार्गावर, एक फेरी ३७.७३ मैलांची. हा ट्रॅक नाहीये, हे तुमचे आमचे रोजचे रस्ते आहेत, ज्या वळणावरून तुम्ही दूध आणायला जाता तिथून स्वार ताशी दीडशे मैलांपेक्षा जास्त वेगाने जातात. हे इथेच का होऊ शकलं? कारण ब्रिटनमध्ये तेव्हा ताशी २० मैलांची मर्यादा होती आणि रेससाठी सार्वजनिक रस्ते बंद करायला परवानगी नव्हती, इथल्या पार्लमेंटने १९०४ मध्ये स्वतःचा कायदा करून ती दिली. स्वतःचं सरकार असण्याचा परिणाम असाही असतो. या मार्गावर आजवर २५० हून जास्त स्वारांचा जीव गेलाय, त्यामुळे बेटाचं या रेसवर जितकं प्रेम आहे तितकंच दुःखही आहे, त्याबद्दल इथल्या माणसाशी बोलताना जपून बोला.

व्यवहाराचं बोलायचं तर, सराव आणि रेसच्या वेळी रस्ते बंद होतात आणि मार्गाच्या आतल्या बाजूला राहणारा माणूस आत अडकतो. वेळापत्रक आधी जाहीर होतं, ते फ्रिजवर लावा, ड्युटी असेल तर मॅनेजरशी दोन आठवडे आधी बोला, डग्लसमध्ये आतबाहेर करायला एक ॲक्सेस रोड असतो तो आधीच बघून ठेवा. बंद रस्ता ओलांडणं गुन्हा आहे. त्या दिवसांत डोंगररस्ता एकाच दिशेने चालू असतो. फेरीची तिकिटं तर कितीतरी महिने आधी संपतात, म्हणून आईवडिलांना त्या पंधरवड्यात बोलवू नका, किंवा बोलवायचंच असेल तर बुकिंग खूप आधी करा. ऑगस्टमध्ये मॅन्क्स ग्रां प्रीला पुन्हा रस्ते बंद. मॅन्क्स रेडिओ लावून ठेवा, रस्ते, फेरी, शाळा बंद, सगळं तिथे कळतं.

पायरी ८ : माणसं

बेटावरच्या लोकांना मॅन्क्स म्हणतात. आज राहणाऱ्यांपैकी इथे जन्मलेले निम्म्याच्या आसपास, बाकी बाहेरून आलेले, मुख्यतः इंग्लंडमधून. म्हणजे नवखे तुम्ही एकटे नाही. बाहेरून आलेल्याला 'कमओव्हर' म्हणतात, त्यात राग नसतो. इंग्लंडला 'मेनलँड' मात्र म्हणू नका, इथले लोक 'अक्रॉस' म्हणतात, आणि त्यांच्यासाठी ही भावनेची गोष्ट आहे. उंदराचं खरं नाव घेणंही टाळतात, 'लाँगटेल' म्हणतात. डग्लस ते कॅसलटाउन रस्त्यावर फेअरी ब्रिज लागतो, तिथून जाताना बसमधले लोक पऱ्यांना हॅलो म्हणतात, तुम्हीही म्हणा.

आडनावं ऐकाल ती क्वेल, क्वर्क, केली, करमोड, कॉर्लेट अशी. बेट छोटं आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात, ऑफिसमध्ये ज्याच्याबद्दल तक्रार कराल तो समोर बसलेल्या बाईचा मावसभाऊ निघण्याची शक्यता खरंच मोठी आहे.

भाषेबद्दल जरा थांबून सांगतो, मला या बेटाबद्दल सगळ्यात जास्त आदर यासाठी वाटतो. मॅन्क्स गेलिक ही इथली मूळ भाषा, आयरिश आणि स्कॉटिश गेलिकची बहीण. घरात परंपरेने ती शिकलेला शेवटचा माणूस, नेड मॅडरेल, १९७४ मध्ये गेला. अनेकांना वाटलं की आता संपली. पण त्याच्यासारख्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन काही तरुण बसायचे, शिकायचे, आवाज रेकॉर्ड करायचे, आणि त्या मेहनतीतून पुढे २००१ मध्ये पूर्ण मॅन्क्समधून शिकवणारी प्राथमिक शाळा निघाली, बन्सकॉल गेल्गाख, सेंट जॉन्स गावात आहे. आज मुलं तिथे गणितसुद्धा त्या भाषेत शिकतात. रस्त्यांच्या पाट्या दोन्ही भाषांत आहेत. मराठी शाळा ओस पडताना बघितलेल्या माणसाने ती शाळा एकदा बाहेरून तरी बघावी. "मोरा माई" म्हणजे सुप्रभात, "गुरा माई आयु" म्हणजे धन्यवाद, दुकानात एवढं म्हटलंत तरी समोरच्याचा चेहरा खुलतो.

मुलांना ३१ ऑक्टोबरला हॉप-टू-ना असतं, भोपळा नाही तर सलगमसारखा कंद कोरून दिवा करतात. शेपूट नसलेली मॅन्क्स मांजर आणि चार शिंगांची लॉक्टन मेंढी दाखवायला मात्र मुलांना वेगळं न्यावं लागेल, रस्त्यात सहज दिसत नाहीत.

पायरी ९ : सरकार कसं चालतं आणि तुम्ही त्यात कुठे

पार्लमेंटचं नाव टिनवाल्ड. हजार वर्षांहून जास्त जुनी, व्हायकिंगांच्या उघड्यावरच्या सभेतून आलेली, सलग चालू असलेली जगातली सगळ्यात जुनी पार्लमेंट असं बेट मानतं, १९७९ मध्ये तिची सहस्राब्दी साजरी झाली. दोन सभागृहं. हाउस ऑफ कीजमध्ये २४ सदस्य, १२ मतदारसंघांतून प्रत्येकी दोन, दर पाच वर्षांनी निवडणूक, मागची २०२१ ची, त्यानंतरची २०२६ ची. वरचं सभागृह लेजिस्लेटिव्ह कौन्सिल, त्यातले ८ जण कीजने निवडलेले, शिवाय टिनवाल्डचा अध्यक्ष, बिशप आणि ॲटर्नी जनरल. दोन्ही एकत्र बसली की टिनवाल्ड कोर्ट. चीफ मिनिस्टर कीजमधून निवडला जातो आणि त्याचं मंत्रिमंडळ म्हणजे कौन्सिल ऑफ मिनिस्टर्स.

आपल्याला विचित्र वाटेल अशी गोष्ट म्हणजे इथे पक्ष जवळपास नाहीतच, बहुतेक सदस्य अपक्ष. त्यामुळे प्रत्येक विषयावर मतं वेगळी जुळतात, आणि उमेदवार खरंच दारावर येऊन तुम्ही काय म्हणता ते ऐकतो, कारण मतदारसंघ काही हजारांचा असतो. शंभर-दोनशे मतांनी निकाल फिरतो.

मत कोणाला? १६ वर्षं पूर्ण आणि बेटावर १२ महिने राहिलेले. १६ व्या वर्षी मताचा हक्क २००६ मध्येच दिला. बायकांना तर १८८१ मध्ये, म्हणजे न्यूझीलंडच्याही १२ वर्षं आधी, अर्थात तेव्हा फक्त मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा बायकांना, सगळ्या सज्ञान बायकांना १९१९ मध्ये मिळाला. तुमचे १२ महिने भरले की मतदार यादीत नाव घाला, आपली माणसं हे कायम टाळतात, "आपण काय पाहुणे" म्हणत. पाहुणे कसले, टॅक्स भरता, मुलं इथल्या शाळेत जातात, रात्रपाळ्या करून हॉस्पिटल चालवता. घाला नाव.

बाकी सगळ्या गोष्टींत बेट पुढेच होतं असं नाही. गुन्ह्यासाठी छडी मारायची शिक्षा इथे खूप उशिरापर्यंत होती, १९७८ मध्ये युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने ती चुकीची ठरवली. समलिंगी संबंध १९९२ पर्यंत गुन्हा होता, फाशी कायद्यातून १९९३ मध्ये गेली. स्वतःचं सरकार म्हणजे बरं-वाईट दोन्ही स्वतःच ठरवणं, आणि म्हणूनच त्यात आपला आवाज असायला हवा असं मला वाटतं.

आवाज पोचवायचे मार्ग सोपे आहेत. तुमच्या मतदारसंघातल्या दोन सदस्यांना, एमएचकेंना (मेंबर ऑफ द हाउस ऑफ कीज), सरळ ईमेल करा, रस्त्यातला खड्डा असो की परमिटचा घोळ, बहुतेक वेळा ते स्वतः उत्तर देतात. डग्लसमधल्या पार्लमेंटच्या पांढऱ्या गोल इमारतीला लोक 'वेडिंग केक' म्हणतात, तिथल्या प्रेक्षक गॅलरीत बसून कामकाज बघता येतं.

आणि ५ जुलै, टिनवाल्ड डे, सुट्टीचा दिवस. सेंट जॉन्सला चार टप्प्यांची एक गोल टेकडी आहे, तिच्यावर सगळं सरकार उघड्यावर बसतं. चर्चपासून टेकडीपर्यंतच्या वाटेवर लव्हाळं पसरतात, कोटाला बोलन बेन नावाच्या रानवनस्पतीची डहाळी लावतात. वर्षभरात झालेले कायदे न्यायाधीश, ज्यांना डीम्स्टर म्हणतात, इंग्रजीत आणि मॅन्क्समध्ये थोडक्यात वाचून दाखवतात, आणि ठरलेल्या मुदतीत कायदा असा टेकडीवरून जाहीर झाला नाही तर तो रद्द होतो. त्याच समारंभात कोणीही सामान्य माणूस टेकडीच्या पायथ्याशी जाऊन आपलं गाऱ्हाणं लेखी देऊ शकतो. यातून खरंच कायदे बदललेत. अर्ज ठरलेल्या नमुन्यात लागतो, विषय फक्त तुमचा खाजगी नको, सगळ्यांशी संबंधित आणि टिनवाल्डच्या हातातला पाहिजे, आणि दुसरा कुठला मार्ग शिल्लक नसावा. क्लार्क ऑफ टिनवाल्डच्या ऑफिसात आधी मसुदा दाखवा, तिथे मदत करतात. नंतर एखाद्या सदस्याने तो उचलून चौकशीची मागणी करावी लागते, तेव्हा जूनमध्येच तुमच्या एमएचकेशी बोलून ठेवा. आणि त्या दिवशी सेंट जॉन्सला पार्किंग मिळत नाही, डग्लसहून बसनेच जा.